जमिनीचे पांघरूण

माणसाला थंडी वाजली की तो घोंगडी ओढून घेतो, ऊन लागू लागले की डोक्यावर काहीतरी धरतो. गुरे सावलीला जातात, पाखरे घरट्यात शिरतात. परंतु बिचाऱ्या जमिनीने काय करावे? तिला हात नाहीत, पाय नाहीत. भर चैत्रात ती उघडीच पडलेली असते आणि तशा स्थितीत आपण तिच्याकडून वांग्यांची, मिरच्यांची आणि भेंड्यांची अपेक्षा करीत असतो!

हा विचार मूळचा माझा नव्हे, माझ्या आजीचा आहे. एकदा अंगणात वाल सोलीत बसली असता ती सहज म्हणाली, "बाय, रानात कधी उघडी माती बघितलीस का? रान आपली माती झाकून ठेवते. उघडी टाकतो तो फक्त माणूस."

आजी बोलून मोकळी झाली आणि वाल सोलू लागली. मला मात्र त्या एका वाक्याने दोन वर्षे कामाला लावले. त्यापायी आमच्या घरात मोठे भांडण झाले आणि एका मुक्या जीवाचा प्राणही गेला. ती हकीगत मी येथे सांगणार आहे. तीत शौर्य नाही, साहस नाही. थोडासा पेंढा, पुष्कळसे उंदीर आणि माझ्या हातून घडलेल्या काही चुका एवढेच आहे.

आमचा जोयडा तालुका म्हणजे रानाचा तालुका. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्रास मिळते. पूर्वी या तालुक्याला सुपे तालुका म्हणत. काळी नदीवर सुप्यास १०१ मीटर उंचीचे धरण झाले, ते १९८७ साली पुरे झाले आणि सुपे गाव पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. गावोगावच्या लोकांना उठून दुसरीकडे जावे लागले; त्यांतील पुष्कळ कुटुंबे रामनगरच्या नव्या वसाहतीत आली. आमचे घर त्यांपैकीच एक. आजी तेव्हा नवी सून होती. घरातली भांडीकुंडी, देव आणि गुरे यांबरोबर तिने एक टोपली आणली होती. तीत पेंढ्यात गुंडाळलेले मुडलीचे, कणगरांचे आणि सुरणाचे बियाण्याचे कंद होते. मुडली म्हणजे अळवाच्या जातीचा मोठा कंद. आमच्या भागातील कुणबी लोक तो पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले आहेत. जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हा हाताएवढ्या लांबीच्या मुडल्या बघून परगावचे लोक तोंडात बोट घालतात.

आजीची ती टोपली अजून आहे. तिच्यातले बियाणे दर वर्षी मृगाच्या आधी जमिनीत जाते आणि पौषात पुन्हा टोपलीत येते. आजी म्हणते, "घर बुडाले, देऊळ बुडाले, आमची विहीर बुडाली. तिकडची एवढी एकच वस्तू जिवंत आहे." म्हणून त्या टोपलीला आमच्या घरी देवघरातल्या समईसारखा मान आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व प्रकरणाचे मूळ याच टोपलीत आहे.

आमच्या परसातील जमीन जांभ्याची. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखे पाणी कोसळते. पण आश्विन सरला की तीच जमीन आटू लागते आणि माघ-फाल्गुनात कौलासारखी कडक होते. भाजीचे वाफे शिंपण्यासाठी आई आणि मी कळशीने पाणी आणीत असू. शाळेतून घरी आल्यावर त्या कळशा मोजण्याचा मला अगदी कंटाळा येई. खरे सांगावयाचे तर माझ्या संशोधनाची जननी जिज्ञासा नसून आळस ही होय!

मी आठवीत असताना आमच्या गुरुजींनी बाष्पीभवन आणि केशाकर्षण हे धडे शिकविले. मातीच्या कणांमधील सूक्ष्म वाटांनी खालचे पाणी वर चढते आणि ऊन व वारा त्याची वाफ करून नेतात, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी आजीचे वाक्य मला आठवले. रान आपली माती का झाकते, याचे उत्तर पाठ्यपुस्तकातच होते. ग्रंथालयात 'विपुलाच सृष्टी' हे श्री. अ. दाभोळकरांचे पुस्तक मिळाले. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'तील साध्यासुध्या शेतकऱ्यांनी स्वतः मोजून, तोलून, लिहून ठेवून शेती सुधारली. मग मीही एक चाळीस पानी वही केली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रयोग' असे लिहिले.

परसात वांग्यांचे दोन सारखे वाफे केले. एक जसाच्या तसा ठेवला. दुसऱ्यावर भाताच्या पेंढ्याचा चार बोटे जाड थर पसरला. यालाच शेतीच्या पुस्तकांत आच्छादन म्हणतात. उघड्या वाफ्याला रोज दोन कळशा पाणी लागे. झाकलेल्या वाफ्यातील पेंढा बाजूला सारून माती मुठीत दाबून पाहिली, तर तिसऱ्या दिवशीही तिचा लाडू वळत असे. म्हणून त्याला तीन दिवसांतून एकदाच दोन कळशा घालू लागले. उघड्या वाफ्यात दर आठवड्यास तण काढावे लागे; पेंढ्याखाली उजेडच नाही, मग तण उगवणार कोठून? दुपारी एका वाफ्यात हात ठेवला तर चटका बसे, दुसऱ्यात पेंढ्याखाली हात घातला तर माठाच्या पोटाला लावल्यासारखा गारवा लागे. वैशाखात उघड्या वाफ्यातील झाडे मान टाकू लागली. झाकलेल्यांना मात्र तांबूस-जांभळी वांगी लटकत होती.

माझा आनंद गगनात मावेना. 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे सुभाषित मला पाठ होते. पण पाठ असणे वेगळे आणि कळणे वेगळे. मी आजीच्या मागे लागले, की यंदा मुडली, कणगर आणि सुरण यांच्या साऱ्या आळ्यांवरही पेंढा घालू. आजी जरा घुटमळली. पण नातीचा हट्ट! पावसाळा सरल्यावर मी मळणीनंतरचा ताजा पेंढा आणला आणि वीतवीत जाडीचा थर साऱ्या आळ्यांवर रचला. उरलेला पेंढा परसाच्या गडग्याला टेकवून ठेवला. दुरून पाहता आमचे परसू सोन्याने मढविल्यासारखे दिसे.

ते सोने कोणासाठी होते हे पुढे दिसून आले.

मार्गशीर्षात आजीने मुडलीचे पहिले आळे उकरले. वरून पाने धडधाकट होती. खाली मात्र कंदाची नुसती करवंटी उरली होती. आतला गर कुरतडून नेलेला. दुसऱ्या आळ्याची तीच गत. वीस आळ्यांपैकी अकरा आळी उंदरांनी आणि घुशींनी फस्त केली होती. आजी काही बोलली नाही. उरलेले कंद तिने पदराने पुसले, त्यांतील बियाण्याजोगे निवडले आणि टोपलीत ठेवले. टोपली अर्धीदेखील भरली नाही. तिच्या त्या न बोलण्याने मला जेवढे लागले, तेवढे रागावण्याने लागले नसते.

बाबा मात्र बोलले. "गवत पेटवून दे आजच्या आज! परसू अंगणासारखे स्वच्छ पाहिजे. उंदराला घर बांधून द्यायचे आणि वर भाजी मागायची!" शेजारचे काका म्हणाले, "जाळून काय होते? बाजारातून औषध आणा." आमच्या बाजारात मराठी, कोकणी आणि कानडी या तिन्ही भाषा चालतात. मराठीत ज्याला आपण उंदीर म्हणतो त्याला कानडीत इली म्हणतात. पण नाव कोणतेही घेतले तरी दुकानदार हसून एकच पुडी पुढे करतो. बाबांनी ती आणली आणि पिठात कालवून गोळ्या गडग्याच्या सांदीत ठेवल्या.

चार दिवसांत पाच-सहा उंदीर मेलेले सापडले. सातव्या दिवशी पहाटे फणसाखाली एक गव्हाणी घुबड पडलेले दिसले. त्याचा तो पांढरा, पानाच्या आकाराचा चेहरा जमिनीला लागला होता. ते कशाने मेले हे छातीठोकपणे कोण सांगणार? परंतु गुरुजींना विचारता ते म्हणाले, की काही विषे उंदराच्या अंगात दिवसचे दिवस राहतात. असा सुस्तावलेला उंदीर घुबडाला अनायासे सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जाते. हे घुबड वर्षभर आमच्या गोठ्याच्या माळ्यावर राहत होते. त्याच्या कर्कश चीत्काराला मी भीत असे, आणि अपशकुन नको म्हणून आई त्याला हुसकावीत असे. आमच्याकडून दमडी न घेता ते रोज रात्री आमच्या परसाची राखण करीत होते, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. बाबांनी उरलेल्या गोळ्या गोळा करून खोल खड्ड्यात पुरल्या. त्या दिवशी तेही नीट जेवले नाहीत.

रात्री मी वहीत लिहिले : 'चूक बाबांची नाही. उंदीर मी बोलावले.' मग दिवा मालवण्यापूर्वी पुढे एक ओळ आणखी लिहिली : 'पण का आले?'

हा प्रश्न विचारावयास मी फार उशीर केला होता. उंदीर गवत खात नाही. मग गवतात त्याला हवे तरी काय? दुसऱ्या दिवशी मी पेंढा उचलून खालची माती निरखली. तेथे भाताच्या फोलपटांचा सडा पडला होता! त्या वर्षी पावसाची भीती होती म्हणून मळणी घाईने उरकली होती आणि कितीतरी लोंब्या पेंढ्यातच राहून गेल्या होत्या. मी उंदरांना नुसते पांघरूण दिले नव्हते. पांघरुणात शिधाही बांधून दिला होता. दाणे खाण्यास ते आले आणि दाणे संपल्यावर खालचे कंद त्यांच्या हाती लागले.

मग त्यांची घरे शोधावयाची होती. यासाठी शेतकरी एक साधी युक्ती करतात. संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने लिंपून टाकावयाची आणि सकाळी पाहावयाचे. जी पुन्हा उघडली ती नांदती बिळे, बाकीची ओसाड. आम्ही चौदा बिळे लिंपली. सकाळी पाच उघडलेली होती. त्यांतील चार गडग्याच्या पायथ्याशी, मी टेकवून ठेवलेल्या पेंढ्याच्या आडोशाला, एक बांधात. वाफ्यांच्या मध्यभागी एकही नाही! म्हणजे उंदीर राहत होता गडग्यात आणि पेंढ्याखालून, जणू भुयारातून, जेवावयास जात होता. उंदीर हा भित्रा प्राणी आहे. उघड्यावर चार पावले टाकणे त्याला जिवावरचे वाटते, कारण वर घुबड असते आणि गवतात धामण असते. मी वीतभर जाडीचा पेंढा गडग्यापासून कंदापर्यंत सलग पसरून त्याची ती भीतीच नाहीशी केली होती.

आपल्या शत्रूची दिनचर्या कळली म्हणजे अर्धा राग शांत होतो, असा माझा अनुभव आहे. मी आजीजवळ बसले आणि आम्ही दोघींनी मिळून पुढील वर्षाचा बेत ठरविला.

सर्वांत नामी तोड आजीनेच काढली. ती म्हणाली, "पेंढा आधी गुरांचा, मग मातीचा. गुरांच्या तोंडचा घास काढून वाफ्यात घालायचा नाही. गव्हाणीत जे उष्टे राहते ते घे." वर्षभर मी चांगला पेंढा वाफ्यांवर घालीत होते आणि गव्हाणीतले उष्टे गवत उकिरड्यावर जात होते. गुरे लोंब्या आधी वेचून खातात, उरतात ते जाड देठ. त्यांत दाणा नाही, शिवाय गोमूत्राने ते भिजलेले असतात. भाताच्या पेंढ्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे, म्हणून तो कुजावयास वेळ लागतो आणि मातीत कालवला तर काही काळ मातीतलेच नत्र ओढून घेतो. गोमूत्राने ही उणीव थोडीबहुत भरून निघते. आजीला नत्र हा शब्द ठाऊक नाही. गोष्ट मात्र ठाऊक होती. ताजा पेंढा घ्यावाच लागला तर तो आम्ही दगडावर पुन्हा झोडतो, दोन उन्हे देतो आणि कोंबड्यांपुढे पसरतो. कोंबडीच्या नजरेतून दाणा सुटत नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. तीन-चार बोटांहून अधिक थर घालावयाचा नाही, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवावयाची. यामुळे बुंधा कुजत नाही आणि उंदराला बुंध्याशी लपून बसता येत नाही. गडगा आणि वाफे यांच्यामध्ये आम्ही दोन हात रुंदीची पट्टी अंगणासारखी झाडून स्वच्छ ठेवतो. बाबांचे स्वच्छ परसू आणि माझे झाकलेले परसू यांचा असा तह झाला. गडग्याला काहीही टेकवून ठेवणे बंद.

तिसरी गोष्ट वेळेची. पेंढ्याची खरी गरज माघापासून मृगापर्यंत, जेव्हा ऊन तापते. त्या वेळी वाफ्यात वांगी-मिरच्या असतात. जमिनीखाली खाण्याजोगा कंद नसतो. कंदांच्या आळ्यांवर लागवडीच्या वेळी आम्ही आता झाडाचा हिरवा पाला घालतो. आले आणि हळद यांच्या वाफ्यांवर तो पूर्वापार घालीत आलेच आहेत. पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही आणि श्रावण-भाद्रपदात तो पाला कुजून खत होतो. कंद भरू लागतात त्या आश्विनात आळी जवळजवळ मोकळी असतात. मग तयार झालेला कंद जमिनीत रेंगाळू द्यावयाचा नाही. बियाण्याची टोपली भुईवर न ठेवता आढ्याला दोरीने टांगावयाची आणि दोरीवर नारळाची करवंटी उपडी ओवावयाची, म्हणजे उंदीरमामा वरून उतरू लागले तर घसरतात.

पाल्यासाठी आम्ही कुंपणाला गिरिपुष्प लावले आहे. मराठीत त्याला उंदीरमारी असेही म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावाचा, ग्लिरिसिडिया याचा, अर्थही उंदीर मारणारी असाच होतो. कारण मध्य अमेरिकेत, जे त्याचे माहेर, तेथे त्याच्या बिया आणि साल धान्यात कालवून उंदरांना घालीत. मला वाटले होते की त्याचा नुसता पाला पसरला तरी उंदीर पळतील. तसे काही घडल्याचे मला दिसले नाही. परंतु त्याच्या पानांत नत्र भरपूर आणि ती लवकर कुजतात, म्हणून खत म्हणून तो पाला उत्तम. नावावर भाळून फसू नये, एवढा धडा त्यातून घेतला.

सापळे आम्ही ठेवतो, विष नाही. उंदीर नव्या वस्तूला बुजतो. म्हणून पहिले तीन दिवस सापळा न लावता त्यात नुसता खोबऱ्याचा तुकडा ठेवावयाचा आणि तो निर्धास्त झाल्यावर चौथ्या रात्री सापळा लावावयाचा. हे काम मला आवडत नाही, पण टाळताही येत नाही. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-सात पिल्ले सहज होतात. तेव्हा दया दाखवून हिशेब जुळत नाही. मेलेला उंदीर हाताने उचलावयाचा नाही. पावसाळ्यात चिखलात काम करताना पायांत बूट घालतो आणि अंगावर जखम असल्यास झाकतो, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा वाईट ताप माणसांना होतो.

आणि घुबडासाठी आम्ही परसात एक उंच खांब पुरला आहे, त्यावर आडवी काठी बांधली आहे. धामण दिसली तर आता कोणी काठी घेऊन धावत नाही. सुरुवातीला आईला हे फार जड गेले.

मला अशी घमेंड होती, की पेंढ्याची ही खटपट जगात मीच प्रथम केली. पुढे वाचनात आले की अमेरिकेत रूथ स्टाउट नावाच्या बाई आपल्या भाजीच्या बागेवर बारमाही गवत पसरून ठेवीत, आणि १९५५ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. जपानात मासानोबु फुकुओका यांनी कापणीनंतरचा सगळा पेंढा शेतातच परत पसरण्याची रीत ठेवली. १९७५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ती गवताची काडी आहे, आणि १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या शेतीपद्धतीत आच्छादनाला जिवामृताच्या बरोबरीचे स्थान दिले. इतके दूर तरी कशाला? आमच्याच जिल्ह्यात शिरसी, सिद्दापूर, यल्लापूरकडे सुपारीच्या बागांना रानातील पाला घालण्याची चाल कितीतरी जुनी आहे. त्यासाठी बागाईतदारांना लगतच्या 'बेट्ट' जमिनीतून पाला तोडण्याचा हक्क सरकारने इंग्रजी अमदानीपासून दिलेला आहे. म्हणजे मी जे शोधले, ते माझ्या आजूबाजूला पसरलेलेच होते. शोध लावणे आणि डोळे उघडणे यांत कधी कधी फारसा फरक नसतो.

गेल्या पौषात आम्ही पुन्हा मुडली काढली. माझी छाती धडधडत होती. पहिले आळे शाबूत. दुसरे शाबूत. तिसऱ्यात घूस लागली होती. वहीत मी शेवटी लिहिले : 'एकूण आळी १६. उंदरांनी नेली ३.' आधीच्या वर्षी बियाणे कमी पडल्याने आळीच सोळा लागली होती. यात पेंढ्याच्या शिस्तीचा वाटा किती, सापळ्यांचा किती आणि दैवाचा किती, हे एका वर्षावरून मला सांगता येणार नाही. उघड्या आणि झाकलेल्या वाफ्यांच्या कळशांचा हिशेब मात्र मी दोन्ही वर्षे ठेवला, आणि तो दोन्ही वर्षे सारखाच आला.

मी तीन आळ्यांबद्दल हळहळत होते. आजी म्हणाली, "तीन गेली तर गेली. तो पण गणपतीचे वाहन आहे. चतुर्थीला त्याच्यापुढे मोदक ठेवतेस, मग पौषात एखादी मुडली गेली तर रडतेस कशाला? सगळेच न्यायला लागला तर त्याला आवरायचे. थोडे नेले तर त्याचा वाटा म्हणायचे."

मला ते सगळेच पटले असे नाही. तीन मुडल्यांची भाजी घरादाराला दोन दिवस पुरती. परंतु आमच्या तालुक्यात काळी व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाला जागा असावी म्हणून आपण भाषणे करतो, निबंध लिहितो आणि बक्षिसेही मिळवितो. वाघाला जागा देणे सोपे आहे, कारण तो आपल्या परसात येत नाही. ज्याच्यामुळे आपले नुकसान होते, त्याच्याशी न्यायाने वागणे कठीण. त्याला आवरावे, पण त्याच्यावरील रागाच्या भरात घुबडाचा जीव घेऊ नये, पेंढा पेटवू नये आणि मातीला पुन्हा उघडी टाकू नये, इतके मला कळले आहे.

या वर्षी आजीची टोपली काठोकाठ भरली. टांगण्यापूर्वी तिने तळाशी पेंढा अंथरला. मी पुढे होऊन काडी न्‌ काडी तपासली, एखादी लोंबी राहिली आहे का म्हणून. आजी हसली. म्हणाली, "आता शिकलीस."

परवा रात्री अभ्यास करीत असताना गोठ्याच्या बाजूने कर्कश चीत्कार ऐकू आला. मी दिवा घेऊन बाहेर गेले. खांबावर कोणी नव्हते. पण माळ्याच्या काळोखातून काहीतरी पांढरे अगदी आवाज न करता उडाले आणि वाफ्यांवरून रानाकडे गेले. आई दारात उभी होती. या वेळी तिने हुसकावले नाही. "आला वाटते," एवढेच म्हणाली आणि दार हळूच ओढून घेतले.